खडक न लागलेला पाइल

माणसांना हाक मारणं साइटच्या इंजिनिअरला कमीपणाचं वाटे. टेबलाच्या काचेवर अंगठीने टक-टक केलं, की मिस्त्रीने पळत यायचं.

"साहेब, सात नंबरच्या पाइलला खाली खडकच लागला नाही," मिस्त्री म्हणाला. पाइल म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोलवर ओतलेला काँक्रीटचा खांब.

"हे खडकावर टेकणारे पाइल नव्हेत. यांना माती चहूबाजूंनी आवळून धरते. एवढं डोक्यात शिरलं असतं, तर मिस्त्री राहिला असतास?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "त्याची तपासणी तेवढी तुम्हीच करा."

तपासणी म्हणजे पाइलच्या डोक्यावर हातोडीचा ठोका द्यायचा आणि तळाला जाऊन परत येणारा हादरा यंत्राने टिपायचा. इंजिनिअर नाक मुरडत मिस्त्रीसोबत पाइलभोवतीच्या खड्ड्यात उतरला, मातीत गुडघे टेकून बसला. त्याने तीन ठोके मारले. यंत्र गप्प राहिलं, पण खालून तीन ठोके कानांनाच ऐकू आले.

"प्रतिध्वनी," तो म्हणाला. "प्रतिध्वनीला घाबरणारी माणसं आलीत माझ्या वाट्याला."

चौथ्या ठोक्यासाठी त्याने हातोडी उचलली आणि मिस्त्रीला आणखी चार शब्द सुनवावेत म्हणून ती तशीच वर धरली.

हातोडी हवेत असतानाच खालून आवाज आला. काचेवर अंगठी आपटल्यासारखा. टक-टक.

मिस्त्री केव्हाच खड्ड्याबाहेर गेला होता. इंजिनिअर उठायला गेला, तर मातीने त्याचे गुडघे चहूबाजूंनी आवळून धरले होते.

खालून पुन्हा टक-टक झालं. या वेळी जरा चिडून.