आठ नंबर कोणालाच मिळत नाही

"काकू, पुढे या ना. तिथून काय डोंबल दिसणार?" पाय मुरगळल्यामुळे बाहेर बसावं लागलेली खेळाडू मागे वळून म्हणाली.

"इथंच बरी आहे मी," चष्मेवाली म्हणाली.

गावात तिचं चष्म्याचं दुकान होतं. वर्षातून एकदा, या दिवशी, ती भर दुपारी दुकानाला कुलूप लावायची आणि विद्यापीठाच्या हॉलमध्ये येऊन शेवटच्या रांगेत बसायची. सामना संपला, कप दिला गेला की निघून जायची. पहिल्या संघात आपणही खेळलोय हे तिनं इथं कोणाला सांगितलं नव्हतं. त्या संघातल्या बाकीच्या कुठल्या कुठे पांगल्या होत्या, त्यामुळे ओळखणारंही कोणी उरलं नव्हतं.

माइकवर एक मुलगी मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास वाचत होती. माइकवरून ऐकला की कुठलाही इतिहास सरळसोट वाटतो. वसतिगृहामागचं मातीचं मैदान, एका बाजूला कललेला खांब, मुलांनी टाकून दिलेल्या जर्सी, बॉल एक आणि टोमणे हजार, हे सगळं दोन वाक्यांत उरकलं. मग तिनं आवाज खाली आणला, कारण आता आठ नंबर येणार होती.

आठ नंबर म्हणजे संघाचा जीव. पहिल्यावहिल्या अंतिम सामन्याच्या तोंडावर तिच्या वडिलांनी स्वतः विद्यापीठाला कळवलं, की मुलगी तापानं गेली. मुली रडत मैदानात उतरल्या आणि जिंकून आल्या. तिथून या संघाला कोणी हसलं नाही. आठ नंबरची जर्सी त्यानंतर कोणालाच मिळाली नाही. तिच्या नावानं दरवर्षी सामना होतो आणि कप द्यायला तिचे वडील येतात.

"तुम्ही पाहिलंय का हो त्यांना?" मुरगळलेल्या पायाच्या मुलीनं हळूच विचारलं. "आठ नंबरला?"

"पाहिलंय की."

"कशा होत्या?"

"आगाऊ. कोणाला पास द्यायची नाही."

"पण सगळे तर म्हणतात, त्या फार संघभावनेनं..."

"मेल्यावर सगळेच पास द्यायला लागतात, बाळ."

मुलीला हसावं की नाही ते कळेना. ती पुन्हा खेळाकडे वळली.

ताप वगैरे काही नव्हतं. लग्नावरून घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. बाप नको ते बोलला, मुलगी त्याहून नको ते बोलली आणि नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. परत त्या घरात तिनं पाऊल टाकलं नाही. या हॉलमध्ये हे दोघांनाच ठाऊक होतं, त्या बापाला आणि चष्मेवालीला.

तिनं तेव्हाच जाऊन त्या माणसासमोर उभं राहायला हवं होतं. आधी राग आडवा आला. मग लाज. मग इतका उशीर झाला, की उशीर झाला हेच कारण पुरेसं वाटायला लागलं. एका वर्षी म्हाताऱ्यानं भाषणात सहज सांगितलं, की मुलीची आईही आता राहिली नाही. चष्मेवालीनं बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडून घेतलं. त्या माउलीच्या हातचं तिनं पोटभर खाल्लं होतं.

सामना संपला. म्हातारा कप घेऊन उभा राहिला. कप्तान समोर होती आणि त्यानं कप पुढे केला तो तिच्या खांद्याच्या बाजूला, हवेत. चष्मेवालीला लांबूनच कळलं. त्याचे डोळे पार गेले होते.

"हे माझं शेवटचं वर्ष," तो माइकवर म्हणाला. "यापुढं येणं जमायचं नाही."

टाळ्या चालू असतानाच ती उठली. आज नाही तर कधीच नाही. पायऱ्या उतरताना इतकी वर्षं मनात घोकलेली वाक्यं एकेक करून निसटत होती.

ड्रायव्हर गाडी आणायला गेला होता. म्हातारा व्यासपीठाच्या कडेला एकटाच पायानं पायरी चाचपत होता. तिनं त्याचा दंड धरला.

"जपून. पायरी आहे."

"कोण?"

"मी... आठ नंबरच्या संघात होते."

म्हातारा जागच्या जागी थांबला. त्यानं विचारलं, "कुठं बसली होतीस?"

"शेवटच्या रांगेत."

"यंदा मला शेवटची रांग दिसली नाही. सगळं धुकंच."

"तुमच्या मुलीचा राग कधीच गेला होता," ती घाईघाईनं म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं तुम्हाला."

"माझाही गेला होता. जीभ तेवढी वळत नव्हती." त्याचा हात तिच्या हातावर आला आणि तिथंच राहिला. "खरं सांगू? मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. एका बाजूला किती जणी असतात तेसुद्धा आज माइकवर ऐकलं."

"मग दरवर्षी कशाला येत होता?"

"तू मेलीस असं एकदा रागाच्या भरात सांगून बसलो, पोरी," म्हातारा म्हणाला. "मग दरवर्षी यायचो, आणि शेवटच्या रांगेत तू धडधाकट बसलेली दिसलीस की घरी जायचो."