उजवी पाकळी

"परत लाव," महादेव म्हणाला.

विठ्ठल गुरवाने देवीच्या अंगावरून पडलेली कौलाची पाकळी उचलली. उजवी पडली होती. उजवी म्हणजे होय.

"फेरमोजणी पंचायतीत होता, देवीकडे नाय," तो पुटपुटला. पण देवळाबाहेर महादेवच्या पिकअपकडे नजर गेली आणि त्याने दुसरी पाकळी पाण्यात बुडवली. पिकअपमध्ये डिझेलचे कॅन होते. पलीकडे डोंगरावर महादेवच्या चुलतभावाची, रुद्रेशची काजूची बाग मोहरलेली, खाली पाचोळा वाळून कुरकुरीत.

वॉर्डाच्या पोटनिवडणुकीत बाबलीने महादेवला एका मताने पाडलं होतं. महादेवची आई पद्मावती डोळ्यांनी अधू. मतदानाला ती सुनेचा हात सोडून पुतण्याबरोबर गेली, आणि पुतण्या रुद्रेश तर बाबलीच्या गटातला. तिच्या मतपत्रिकेवर शिक्का त्यानेच मारला.

"माझ्या आवशीचा मत खाल्लंस," महादेव म्हणाला. "सांग, कोणाक मारलंस शिक्को?"

रुद्रेशने खांबाला टेकून बसलेल्या काकीकडे पाहिलं. "मत भायर सांगूचा नाय म्हणून केंद्रार सही करून दिलंय, दादा."

"चोराक बरो कायदो गावलो."

पिकअपजवळची माणसं हसली. पूर्वी चतुर्थीला ही सगळी रुद्रेशच्या पंगतीला असत.

विठ्ठलने पाकळी देवीच्या खांद्यावर चिकटवली आणि हात जोडले. "आई, म्हातारेन सांगितल्यान थयच ह्येना शिक्को मारल्यान काय? मारल्यान तर उजवी दी. नाय तर डावी."

पाकळी बराच वेळ हलली नाही. समईची वात चरचरली. मग पाकळी सुटली.

"खयची पडली?" पद्मावतीने विचारलं. निकालापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"उजवीच," सून म्हणाली.

महादेवने पिकअपकडे हात केला. मग म्हणाला, "देवीकय बाबलीन फितवल्यान. चला रे."

पिकअप सुरू झाली. रुद्रेश जागचा हलला नाही.

पद्मावतीने चाचपडत त्याचा हात शोधला, दोन्ही हातांत धरला आणि तोंड मुलाच्या आवाजाकडे वळवलं.

"देवी खरा बोलता, महादेवा. बाबलीचा नाव मियाच सांगितलंय."