ग्लेनचा सीन

लेक कर्टिस गेल्यापासून लोर्नाने त्याच्या खोलीतली चादरसुद्धा कुणाला हलवू दिली नव्हती. तरी सिनेमावाल्यांनी डेटनमधलं त्यांचं घर शूटिंगला मागितलं आणि तिचा नवरा, ग्लेन, लगेच हो म्हणाला. "खोली होती तशी लावून देतील गं," त्याने शब्द दिला. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. त्यात तो रोज गॅरेजमध्ये त्या तरण्या दिग्दर्शिकेशी कुजबुजत उभा; लोर्ना आली की दोघं चिडीचूप.

"काय शिजतंय रे?"

"काही नाही. एका सीनबद्दल बोलत होतो."

"हो का! जन्मभर लोकांची छपरं दुरुस्त केलीस, आता सिनेमे लिही!"

शेवटच्या दिवशी सिनेमातल्या आईने गेलेल्या मुलाची खोली आवरली. कर्टिसचाच बेसबॉलचा ग्लोव्ह, बूट, चादर, एकेक वस्तू छातीशी धरून तिने खोक्यांत भरली. लोर्ना दारातून बघत राहिली.

"ग्लेन, तुम्ही सुचवलेला सीन झाला बरं का," दिग्दर्शिका म्हणाली. "आता खोकी उघडून सगळं जागच्या जागी लावू ना?"

ग्लेनने मान खाली घातली.

लोर्ना पुढे झाली. "चिकटपट्टी द्या जरा. हे एक खोकं नीट बंद झालं नाहीये."