खेकड्याचं तोंड

बाबांचा फोटो ठेवायला नयनाने शोकेसमधलं इंजिन उचललं, काच पुसली आणि ते परत जागेवर ठेवलं. मालगाडीचं जुनं विजेचं इंजिन, दोन्हीकडे लांब नाकाडाचं. ड्रायव्हर लोक त्याला खेकडा म्हणत. बाबांनी घाटात वर्षानुवर्षं तो चालवला होता आणि निवृत्तीनंतर पत्र्यातून त्याची हातभर लांबीची हुबेहूब प्रतिकृती घडवली होती. आई तिला ‘माझी सवत’ म्हणायची.

पण बाबा गेल्यापासून आई काहीच म्हणत नव्हती. तेराव्याचे पाहुणे पांगले, तरी पुढ्यात येईल ते निमूट खाऊन ती खुर्चीत बसून राहायची. उद्या नयनाला कल्याणहून नागपूरला परतायचं होतं. अशा आईला एकटं सोडून जायचं कसं, ते तिला सुचत नव्हतं.

“उलटं ठेवलंस.”

नयना दचकून वळली. आईचा आवाज घोगरा झाला होता.

“दोन्हीकडून सारखंच तर आहे गं, आई!”

“तुला सारखं. तीस वर्षं त्याची धूळ मी पुसलीय. तो टवका उडालेला दिवा इगतपुरीकडे हवा. घाट चढायचाय त्याला, उतरायचा नाही.”

नयनाने इंजिन वळवलं. आईने मान तिरकी करून नीट पाहिलं.

“हां. आता चहा टाक. आणि साखर घाल त्यात. तेरा दिवस तुझ्यासारखा बिनसाखरेचा पाजतेयस मला!”

नयनाने दोन चमचे साखर घातली. मग आणखी एक.