अंगठा हलला तेव्हा

शलाकाच्या तुटलेल्या मणक्यात मूळपेशी सोडल्या होत्या. त्यांच्या चेतापेशी होईपर्यंत चाळीस दिवस रक्तातली साखर वाढता कामा नये, गोडाचा कणही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकोणिसाव्या दिवशी पायाचा अंगठा हलला आणि तिच्या आईनं, सुनेत्राबाईंनी, हरखून तिच्या तोंडात साखर घातली. आनंदाच्या बातमीला दुसरं काय करतात माणसं? मग अंगठा रोज हलू लागला आणि रोज साखर.

आज तपासणीत डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अंगठ्यापुरत्या चेतापेशी झाल्या, बाकीच्या पेशी नुसत्याच वाढल्यात. आता पुन्हा सोडता येणार नाहीत. गोड कुणी दिलं?"

सुनेत्राबाई सांगायला पुढे झाल्या.

"मीच साखरेचा डबा काढून खाल्लं," शलाका म्हणाली. "आई बाजारात गेली होती."

"डबा कुठे असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"वरच्या फळीवर."

डॉक्टरांनी तिच्या लुळ्या पायांकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'रुग्णानं स्वतःच खाल्लं.'