विहिरीवरची स्लाइड

गावच्या विहिरीत बादली टाकली म्हणून चांगुणामावशीच्या नवऱ्याला ठेचून मारलं, त्या सकाळचा हा रंगीत फोटो. काढणारा पाहुणा खटल्यात भेकडासारखा गप्प बसला. तो मेल्यावर त्याच्या पोरीनं त्या फोटोची स्लाइड, फिल्मचा तो एकुलता एक तुकडा, मावशीला धाडली. नांदुऱ्याच्या स्टुडिओत जाकीरनं ती जिवापाड जपत स्कॅन केली. स्लाइडला निगेटिव्ह नसते, ती गेली की सगळंच गेलं. पडद्यावर बादली ओढणारा मावशीचा नवरा, जाकीरचा काका, उजळला; मागनं काठ्या घेऊन येणारे चौघंही.

जाकीर त्यांच्याकडं न बघता म्हणाला, “मावशी, काकाचं तोंड मोठं करतो. हार घालाले.”

“त्याईचं तोंड मले पाठ हाये, जाकीर. मांगच्या चौघायचे मोठे कर. माहा नातू इलेक्शनात या लोकायच्याच प्रचाराले जाऊन राह्यला.”