चार अंश

पारा ब्याण्णववर आला तसा वसुंधराने गॅस बंद केला. अकरा ग्रॅम पूड, दीडशे मिली पाणी, चार मिनिटं. आकडे वहीत लिहून तिने घोट घेतला. कडू. सलग सतराव्यांदा कडू.

"बाई, कॉफी करून राहिल्या की रंग?" स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले मारुतीराव हसले. "मिल बंद झाली, तुमची लॅब चालूच."

तिने त्यांनाही अर्धा कप दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, पण दुसरा घोटही घेतला नाही.

"पाणी जास्त तापवता तुम्ही."

"ब्याण्णव होतं. मोजलंय मी."

"मग बरोबर असेल," ते लगेच म्हणाले. "आपला अंदाज, और क्या."

मिलच्या रंगखात्यात एकतीस वर्षं ते बोट बुडवून रंगाच्या पाण्याचं तापमान सांगत. वसुंधरा तिथली केमिस्ट. नव्या मॅनेजरने मागितला तेव्हा तिनेच अहवाल लिहिला होता : हाताच्या अंदाजात दर वेळी चार अंशांची चूक, साठ हवं असताना छप्पन्नलाच वाफ बंद करतात. पंधरा दिवसांत मारुतीरावांना घरी बसवलं. वर्षभराने मिललाच कुलूप लागलं. निघताना तिने लॅबच्या टेबलावरून रोजच्या वापरातला हा थर्मामीटर तेवढा उचलून आणला होता.

"इंदुराबाहेर बेटम्याला चादरी रंगवायचं काम निघालंय," मारुतीराव म्हणाले. "सेठ म्हणतो, तुला तर मिलने काढलं होतं. काम येतं असं कोणाचं तरी लिहून आण. तर म्हटलं, बाईंकडेच जावं."

"माझ्याकडे? माझा राग नाही आला तुम्हाला?"

"राग कशाचा? तुम्ही मोजून लिहिलं." त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला. "वय झालं, हात गेला. आता अंघोळीचं पाणीसुद्धा बायकोला, सुलोचनाला विचारतो, बघ गं, जमलं का. ती म्हणते, रंगखात्याचे साहेब आले."

वसुंधराने दुसऱ्या कॉफीसाठी पाणी ठेवलं, त्यात थर्मामीटर सोडला आणि कागद घ्यायला आत गेली. नाव, खातं, वर्षं लिहिली. पुढचं वाक्य सुचेना. ती परत आली तेव्हा पाणी खळखळा उकळत होतं.

पारा चौऱ्याण्णववर होता.

ती थांबली. पाणी उकळत राहिलं. पारा हलला नाही.

तिने थर्मामीटर पुसून खिडकीशी धरला. काचेच्या नळीत अगदी वरच्या टोकाला पाऱ्याचा एक बारीक तुकडा तुटून अडकला होता, तेवढा आकडा कमी दिसत होता. पिशवीतून आणताना झालं असेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण मग कमी पडले ते नेमके अहवालातलेच चार अंश कसे?

"बाई, एक मागू?" मारुतीराव मागून म्हणाले. "तो थर्मामीटर मला देऊन टाका. बेटम्याला हाताचा भरोसा नको."

वसुंधराने तो पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवला.

"इंदुरात पाणी किती अंशांवर उकळतं, मारुतीराव?"

"अठ्ठ्याण्णव. तुम्हीच तर शिकवलं होतं सगळ्यांना."

"इकडे या. किती दिसतंय, वाचा."

ते वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"चौऱ्याण्णव." मग भांड्याकडे पाहत म्हणाले, "पण हे तर उकळून राहिलंय."

ती शेगडीजवळ उभी राहून कागदाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

"गॅस बंद करा," मारुतीराव म्हणाले.

तिने बंद केला. पाणी शांत झालं. वाफ विरत गेली. ते स्टूल ओढून भांड्याजवळ बसले आणि थर्मामीटरचा आकडा दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग पाणी निवायची वाट पाहिली. दोनदा हात पुढे नेऊन मागे घेतला. तिसऱ्यांदा बोट बुडवलं.

"साठ," ते म्हणाले.

वसुंधराने पारा पाहिला. छप्पन्न.